विमान हवेत आहे

आमचं घर झाडूवर चाललं. वडील इचलकरंजीत मागावर होते. सुताच्या धुळीनं त्यांची छाती लवकर भरली आणि ते खाटेला लागले. मग आईनं एका फार्मसी कॉलेजात झाडलोटीचं काम धरलं. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर प्रयोगशाळा झाडायला जायचे. आमच्या दोन्हीकडच्या नात्यागोत्यात बारावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. मी त्याच कॉलेजातून बी. फार्म. झाले. ज्या बाकांखालचा केर काढला त्याच बाकांवर बसून पेपर लिहिले आणि फर्स्ट क्लास आणला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तेव्हा केर काढताना मला कुणी अडवलं तर ते मला सहन होत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावं.

न्यूझीलंडमधल्या न्यू लिनच्या या युनिटमध्ये, रांगेतल्या सहा घरांपैकी एकात, राहायला आल्यावरचा पहिलाच बुधवार. मी मनुरेवाच्या एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. शनिवारी काम असतं, म्हणून बुधवारी सुट्टी. सकाळी व्हॅक्यूम क्लीनर लावला आणि पाचच मिनिटांत दारावर थाप पडली. दारात एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली हाफ पॅन्ट, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी.

"ताई, मराठी ना तुम्ही? ते मशीन बंद करा."

"का हो? आवाज होतोय का?"

"आवाजाचं काही नाही. विमान हवेत आहे."

मी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, त्यात एक समुद्रपक्षी सोडला तर काहीच नव्हतं.

"कुठलं विमान?"

"रेझोल्यूटहून सुटलंय, ग्रीस फियोर्डला चाललंय. अजून पाऊण तास धरा. तोवर घर झाडू नका," असं म्हणून ते वळले आणि गेले. घोषणा झाली, आता प्रवाशांनी आपापलं बघावं, अशा थाटात.

मी बंद केलं मशीन. भीती वाटली म्हणून नव्हे, पटलं म्हणून तर अजिबात नव्हे. ते वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज पुढच्या माणसाच्या तोंडातून येत नव्हता. लांब कुठेतरी खांबावर कर्णा टांगलेला असावा आणि त्यातून यावा, तसा तो येत होता. ओठ इथे हलत होते आणि आवाज फर्लांगभर पलीकडून.

हे सदाशिव खोत. आमच्या रांगेतले खोतकाका. त्या आवाजाचं कारण मला नंतर कळलं. काका कराडच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर त्यांनी एका जाळीच्या खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन न्यूझीलंडला मुलीकडे आले, माइक कराडलाच राहिला, पण कर्णा घशात बसला तो बसलाच.

त्यांची मुलगी वैशाली नर्स आहे. तिनं दुसऱ्या दिवशी कुंपणावरून माझी माफी मागितली.

"बाबांचं मनावर घेऊ नका, सुजाताताई. माझा भाऊ पायलट आहे. मिलिंद. कॅनडाच्या पार टोकाला, बर्फातल्या बेटांवर छोटं विमान चालवतो. मंगळवारी दुपारी त्याची फेरी असते, म्हणजे आपल्याकडे बुधवार सकाळ. तो पोचेपर्यंत बाबा कुणाला केर काढू देत नाहीत."

आता हे आपल्याकडे आहेच. माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठीवर घर झाडायचं नाही, तो मुक्कामी पोचेपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. माझी आई, जिचं पोटच केरसुणीवर होतं, तीसुद्धा मी परीक्षेला कोल्हापूरला गेले की आपल्या घरात झाडत नसे. पण ते आपापल्या घरात. खोतकाकांनी हा नियम कराडहून उचलून न्यू लिनच्या सहा युनिटांच्या अख्ख्या ड्राइव्हवेला लावला होता.

"मग पोचला की फोन करतो का भाऊ?" मी विचारलं.

वैशाली दोरीवरचे कपडे नीट करायला लागली. "मला मेसेज करतो. नुसता अंगठा. बाबांशी बोलत नाही. सात वर्षं झाली. तो कॅनडाला ट्रेनिंगला निघाला तेव्हा आई त्याला पोचवायला कराडहून मुंबईला चालली होती. वाटेत बसमध्येच गेली ती. हार्ट. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. का, ते मला माहीत नाही. मी दोघांनाही विचारून थकले."

म्हणजे असं होतं. पृथ्वीच्या माथ्यावर एक मुलगा काळोखातून विमान नेत होता, आणि पृथ्वीच्या पायथ्याशी एक बाप, ज्याच्याशी तो मुलगा एक शब्द बोलत नव्हता, आमचे व्हॅक्यूम क्लीनर बंद करत फिरत होता.

त्या दोन विमानतळांमधलं अंतर हा काकांचा रोजचा विषय. मी डेअरीत दूध आणायला निघाले की ते गाठायचे.

"सांगा, रेझोल्यूट ते ग्रीस फियोर्ड किती?"

"किती, काका?"

"कराड ते मुंबई आणि वर थोडं. लाल गाडीला चहापाण्यासकट आठ-नऊ तास. ह्यांना दीड. पण अंतर विचारू नये, वेळ विचारावी. प्रवासी खिडकीशी येऊन विचारायचे, सातारा किती लांब? मी म्हणायचो, लांब काय विचारता, किती वाजता पोचाल ते विचारा."

इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी पानं असतात. काकांनी ती सगळी पालथी घातली होती आणि त्यांचं कुणाशीच पटत नव्हतं. एक पान म्हणायचं तासाच्या आत, दुसरं म्हणायचं सव्वा तास. काका संतापायचे. "हे जेटचं गणित लावतात! अरे, आपली गाडी जेट नाही. दोन पंख्यांची आहे. वारा समोरून असला तर? तुम्ही घाटात गाडी घालताना सपाटीचा वेळ लावता का?"

एकदा त्यांनी मला तसलं एक पान टॅब्लेटवर दाखवलं. वर दोन ठिपके आणि मधे तांबडी रेघ. खाली जवळची हॉटेलं: आढळली नाहीत. मोटारीचा रस्ता: आढळला नाही. रेल्वे: आढळली नाही. काकांचं बोट त्या "आढळला नाही"वर थांबलं. "बघा," ते हळूच म्हणाले, "मधे काही नाहीच. मधे उतरायचं म्हटलं तर थांबाच नाही."

शेजाऱ्यांचं मला आधी नवल वाटायचं. पहिल्या युनिटमधली मार्गरेट, ऐंशीची गोरी म्हातारी, स्वच्छतेची इतकी वेडी की तिच्या टपालपेटीलासुद्धा पॉलिश. तीही बुधवारी सकाळी मशीन घेऊन दारात उभी राहायची आणि ओरडून विचारायची, "इज ही अप, डिअर?" म्हणजे विमान वर आहे का. काकांनी हात वर केला की मशीन आत. काकांनी शिट्टी वाजवली की उतरलं, करा सुरू. ड्राइव्हवे झाडणारा आणि गवत कापणारा सिओने हा टोंगाचा पहाडासारखा माणूस. त्यानं तर कारणही विचारलं नव्हतं. "स्वीट ॲज, चालतंय की, अंकल. माझी आजीपण अशीच होती," एवढंच म्हणाला, आणि आपला पानं उडवायचा ब्लोअर बाजूला ठेवून गाडीत बसून खिमा भरलेली पेस्ट्री खायला लागला.

मी मात्र शिकलेली. मी वाद घातला.

"काका, झाडत नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसते. चालेल?"

त्यांनी बराच विचार केला. "पुसणं म्हणजे अजून वाईट. झाडलेलं निदान कोपऱ्यात असतं."

"वॉशिंग मशीन?"

"लावा. कपड्याचं काही नाही."

"आणि नखं कापली तर?"

"ताई, तुम्ही चेष्टा करताय. पण करा. उतरल्यावर करा."

चेष्टा करता करता मी दर बुधवारी त्यांच्याकडे जायला लागले. निमित्त ब्लडप्रेशर मोजायचं. वैशाली ड्युटीवर असायची आणि म्हातारा माणूस एकटा, म्हणून मीच म्हटलं होतं. तेव्हा मला ती खोली दिसली.

बाहेर उन्हाळा, दहा वाजताच डांबर मऊ व्हावं असं ऊन. आणि काकांच्या हॉलमध्ये काळोख. सगळे पडदे ओढलेले, फटींना टॉवेल लावलेले. तिकडे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. महिनोन्‌महिने भरदुपारी रात्र असते. "तो अंधारात आणि मी उजेडात, हे बरं दिसत नाही," काका म्हणाले. खुर्ची उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून. पुढ्यात टॅब्लेट, त्याच्यावर काळ्या पडद्यावर एक निळा ठिपका.

ठिपका हलला की काका घसा साफ करायचे आणि तो लांबचा आवाज त्या बंद खोलीत घुमायचा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. रेझोल्यूटहून सुटणारी, ग्रीस फियोर्डकडे जाणारी गाडी मार्गस्थ झालेली आहे. सदर गाडी मधे कोठेही थांबणार नाही."

मग काका पाणीसुद्धा पीत नसत. मी हाताला पट्टा बांधायचे. प्रेशर अगदी ठीक असायचं, पण हात. त्या उकाड्यात तो हात फ्रीजमधून काढल्यासारखा गार असायचा, बोटांची टोकं पांढरी. विमान उतरलं, ठिपका थांबला, की माझ्या हातात असतानाच तो हात ऊन व्हायला लागायचा. याला वैद्यकात कारणं आहेत. ताणानं रक्तवाहिन्या आकसतात. मी काकांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मधली. अर्ध्या वाटेवर तो ठिपका नाहीसा व्हायचा. खाली गोठलेला समुद्र, तिथे विमानाची खबर घेणारं यंत्र नाही, म्हणून पडद्यावर दिसत नाही, इतकं साधं कारण. थोड्या वेळानं उतरायच्या सुमारास ठिपका पुन्हा उगवायचा. पण तो गेला की त्या खोलीत काहीतरी बदलायचं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा व्हायचा. बाहेरचे पक्षी गप्प झाल्यासारखे वाटायचे. मार्गरेटचं म्हातारं कुत्रं येऊन काकांच्या दाराशी बसायचं आणि दाराकडे नाही, वर आभाळाकडे बघत राहायचं. आणि काका त्या रिकाम्या काळ्या पडद्याकडे बघून हळूच म्हणायचे, "गाडी घाटात आहे. गाडी घाटात आहे."

मी शिकलेली बाई, पण त्या मिनिटांत मीसुद्धा श्वास जपून घ्यायचे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी पोहुतुकावाचं मोठं झाड आहे. नाताळच्या सुमारास ते लालभडक फुलतं आणि मग त्याचे केसरासारखे बारीक दोरे गळून खाली लाल थर बसतो, गुलाल उधळावा तसा. सिओने सुट्टीला टोंगाला गेला होता. त्याच्या बदली कुणी येणार असल्याचं आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

काका आणि मी काळोखात बसलेलो. ठिपका जाऊन बराच वेळ झाला होता, उतरायची वेळ जवळ आली होती. एवढ्यात बाहेर ब्लोअर सुरू झाला.

काका उठले ते खुर्ची पाडूनच. दार उघडून बाहेर गेले, मी मागे. त्या उन्हात मला आधी काही दिसेना. मग दिसला एक टकला, जाडजूड माणूस, कानावर मोठे हेडफोन. अर्धा ड्राइव्हवे साफ करून झाला होता त्याचा. काकांनी शिट्टी फुंकली. गाल फाटतील इतक्या जोरात फुंकली. त्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं उरलेला अर्धाही उडवला, सगळा लाल ढीग गोणीत भरला, गोणी आपल्या यूटच्या, म्हणजे छोट्या उघड्या ट्रकच्या, मागच्या हौद्यात टाकली, गाडीत बसला आणि निघाला. काका झाडापाशी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. काँक्रीट इतकं स्वच्छ की त्यावर आभाळाचा उजेड पडला होता.

"काका, काही होत नाही," मी म्हटलं. "विमानाचा आणि याचा काय संबंध?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. यूट रस्त्याला लागत होती. काका जँडल्स सोडून तिच्यामागे धावले आणि माइक, जाळी, कराड, सगळं त्या आवाजात एकदम आलं.

"गाडी मागे घ्या! गाडी मागे घ्या!"

हेडफोन लावलेल्या, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या त्या माणसानं करकचून ब्रेक लावला. पांढरे दिवे लागले आणि यूट खरोखर उलटी येऊन काकांसमोर थांबली. त्यानं हेडफोन काढले. "यू राइट, मेट?" म्हणजे ठीक आहात ना.

काकांनी हौद्यातून गोणी ओढली, ती त्यांना झेपत नव्हती म्हणून मी हात लावला, आणि त्यांनी ती ड्राइव्हवेच्या मधोमध उपडी केली. मग दोन्ही ओंजळींनी ते लाल दोरे, पानं, माती, चॉकलेटचे कागद परत पसरायला लागले. होतं तसं. जिथलं तिथे. मला आधी हसू येत होतं. मग त्यांचा चेहरा दिसला आणि मीही खाली बसले.

मार्गरेट बाहेर आली. तिनं काकांकडे पाहिलं, साफ ड्राइव्हवेकडे पाहिलं. आत गेली आणि आपला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली. त्याची धुळीची पिशवी काढली आणि त्या ऐंशी वर्षांच्या बाईनं, जिच्या दाराशी पानसुद्धा टिकत नसे, ती पिशवी स्वतःच्या पायरीवर झटकली. मग मी घरात गेले, माझ्या मशीनचा डबा आणला, आणि आठवड्याचा केर स्वतःच्या दारात ओतला. बी. फार्म., फर्स्ट क्लास. टकल्या माणसानं काढलेले हेडफोन छातीशी धरले. आपण कुठल्या तरी विधीच्या मधे आलो आहोत, एवढं त्याला कळलं असावं.

वारा अजिबात नव्हता. पण ती धूळ खाली बसेना. उन्हात तशीच अधांतरी राहिली, आणि कुत्रं विव्हळायला लागलं.

आम्ही आत गेलो. उतरायची वेळ झाली, ठिपका आला नाही. वेळ टळून गेली, वर दोन तास गेले, आला नाही. कधी कधी उशीर होतो, वारा असतो, मी म्हणत राहिले. वैशालीचा फोन लागत नव्हता. ड्युटीवर तो लॉकरमध्ये असतो. काकांचा हात मी धरला होता. त्या हातात नाडी शोधायला मला वेळ लागला, आणि दर बुधवारी तोच हात मी धरत आले होते. ते काही पुकारत नव्हते. घाटात आहे, हेसुद्धा म्हणत नव्हते. ग्रीस फियोर्डवर आणून ठेवलेल्या काळ्या पडद्यावर काहीच नव्हतं, आणि मला त्या पानावरची तांबडी रेघ आठवत होती, दोन टोकं आणि मधे काही नाही.

मग काकांचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. त्यांच्याच्यानं तो उचलवेना, म्हणून मी उचलून स्पीकरवर टाकला.

खरखर. मग लांबून एक आवाज. अगदी तसाच, कर्ण्यातून आल्यासारखा. बापाचाच.

"बाबा."

काका खुर्चीच्या टोकाला सरकले.

"बाबा, मिलिंद बोलतोय."

"पोचलास?"

"नाही. परत आलो. रेझोल्यूटलाच आहे."

काका कोरड्या आवाजात म्हणाले, "अर्ध्या वाटेतून गाडी मागे का घेतलीस?" नियंत्रकानं चालकाला विचारावं तसं.

पलीकडे कुठलं तरी दार लोटल्याचा आवाज आला.

"तुम्हीच म्हणालात, बाबा."

"मी?"

"उतरायला लागलो होतो. धावपट्टीचे दिवे दिसत होते, सगळं व्यवस्थित होतं. आणि हेडसेटमध्ये तुमचा आवाज आला. स्टँडवरचा. गाडी मागे घ्या. दोनदा. मला वाटलं भास. शेजारच्या पायलटकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, ही कुठली भाषा? मी काही न बोलता विमान वर घेतलं. वळलो तोवर डोंगरावरून वादळ कोसळलं खाली. दिवेच गेले. आम्ही उतरत असतो तर त्यात सापडलो असतो."

मी या गोष्टीवर नंतर खूप डोकं चालवलं. मिलिंद लहानपणी तो आवाज ऐकत वाढला, संकटात मेंदू ओळखीचं काही वर काढतो, हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. पण शेजारी बसलेल्या त्या परक्या माणसाचा प्रश्न मला सोडवता आलेला नाही.

"बाबा? तुम्ही आहात ना?"

"आहे."

"ठेवू?"

"थांब," काका म्हणाले. तो कर्ण्याचा आवाज गेला होता. साधा म्हाताऱ्या माणसाचा, जवळचा आवाज होता. "मिलिंद, त्या दिवशी मी घर झाडलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"आई निघाली त्या दिवशी. मीच तिची गाडी पुकारली. हात केला खिडकीतून. मग जेवायच्या सुट्टीत घरी आलो, तर तू आदल्या रात्री मुंबईला पुढे जाताना सामान बांधलेल्या दोऱ्या, कागद सगळीकडे. मला पसारा बघवत नाही, तुला माहीत आहे. मी केरसुणी घेतली. आई अजून साताऱ्यालासुद्धा पोचली नव्हती. मी झाडलं, मिलिंद. मी सगळं झाडून काढलं." ते फोनवर वाकले. "तुला कुठल्या तोंडानं फोन करणार होतो? तुझी आई मी घालवली."

पलीकडून मिलिंद बोलला तो तुटत तुटत.

"बाबा, काय बोलताय? ती माझ्यासाठी निघाली होती. तिला बरं वाटत नव्हतं, सकाळी फोनवर म्हणाली होती मला. मी म्हटलं, ये गं, एकदाच तर जातोय. मी हट्ट केला. मला वाटलं, तुम्हाला ते कळलंय. म्हणून तुम्ही बोलत नाही."

"मी? मला वाटलं तू माझ्यावर रागावलायस."

"केरसुणीवरून?"

"केरसुणीवरून," काका म्हणाले, आणि हुंदका देता देता मधेच त्यांना हसू फुटलं. तिकडूनही हसण्याचा की रडण्याचा, सांगता येणार नाही असा आवाज आला. दोघांचा आवाज इतका सारखा की कुणाचं हसू कुणाचं, मला कळेना. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्पीकर बंद केला. फोन देताना त्यांचा हात माझ्या बोटांना लागला. ऊन होता.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. टकला माणूस आपली दुसरी कामं आटोपून परत तिथे आला होता. "एव्हरीवन ओके?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली. त्यानं आमच्या त्या भयानक घाणेरड्या ड्राइव्हवेकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या आठवड्यापर्यंत हात लावणार नाही असं स्वतःहून सांगून गेला.

वैशालीला मी संध्याकाळी ती आल्यावर सगळं सांगितलं. ती चपला न काढता तशीच आत गेली. आत बाप मुलाशी फोनवर वारा, इंधन आणि त्याच्या जेवणाविषयी भांडत होता.

मार्चमध्ये मिलिंद आला. दाढी वाढलेली, बापासारखाच उंच आणि किडकिडीत. मुद्दाम त्याच दिवसांत आला, कारण त्याच्या आईची, नलिनीकाकूंची, तिथी होती. त्यांचं श्राद्ध दरवर्षी दोघं आपापल्या टोकाला, एकमेकांना न सांगता करत होते, हे तेव्हा बाहेर आलं. या वेळी वैशालीनं खीर केली, वडे केले, मार्गरेटला आणि मला बोलावलं. पान वाढून मागच्या अंगणात ठेवलं. इथे कावळे नाहीत. बराच वेळ काही आलं नाही आणि काकांचा चेहरा उतरायला लागला. मग कुंपणावरून एक मैना उतरली, इकडे तिकडे पाहिलं, आणि वड्याचा तुकडा घेऊन उडाली.

"मैना चालते का, बाबा?" मिलिंदनं विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "तुझ्या आईला चालेल."

मग पानं घेतली. सात वर्षांनी बाप आणि मुलगा शेजारी बसून जेवले.